उधारीची यादी उघडेना

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात आमच्या काकांचं घाऊक किराण्याचं दुकान आहे. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, शेजारच्या व्यापाऱ्यांशी दखनी. हिशेब मी बघतो. बिलं, साठा, उधारी, सगळं क्लाउडवर, एकाच खात्यात.

जीएसटीचं विवरणपत्र भरायची मुदत २० तारखेची. आदल्या दिवशी सकाळी खातं उघडेना. ‘सुरक्षेच्या कारणास्तव स्थगित’, एवढंच पडद्यावर. तक्रार केली, तर उत्तर येणार त्याच खात्याच्या बंद पडलेल्या मेलवर. बोलायला माणूस कुठेच नाही. मुदत चुकली की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

तेवढ्यात नंजनगूडचा एक दुकानदार रोकड घेऊन गल्ल्यापाशी आला. “नन्न बाकी एष्टु, अण्णा?” माझी बाकी किती? पैसे द्यायला माणूस दारात उभा आणि काकांना आकडा सांगता येईना. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा तो उतरलेला चेहरा मला बघवला नाही.

काकांना बिलाची दुसरी प्रत तारेला ओवून ठेवायची सवय. त्या तारेनंच आम्हाला तारलं. रात्री उशिरापर्यंत एकेक बिल काढून मी विक्री मांडली, काकांनी उधारी. खरेदीचे आकडे सरकारी पोर्टलवर मिळाले. विवरणपत्र वेळेत गेलं. पुढे खातंही सुरू झालं. आतली एकही नोंद हललेली नव्हती, पण गरज होती तेव्हा आम्हाला आत जाता आलं नव्हतं.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं मुंबईच्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या, तेव्हा नायराला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरची खासगी क्लाउड यंत्रणा एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली प्रत त्यांच्या कामी आली.

क्लाउड आम्ही सोडलेलं नाही. दुकानाला आग लागली, संगणक चोरीला गेला, तर तेच वाचवेल. पण आता दुकान बंद करताना दिवसाचा हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरतो, महिनाअखेरीला उधारीची यादी छापून काकांच्या कपाटात जाते, आणि संपर्काचा मेल त्या खात्याबाहेरचा आहे. प्रत्येक छोट्या दुकानदारानं एवढं करावंच. आणि इंटरनेट बंद करून डिस्कवरची प्रत एकदा उघडून बघावी. उघडली, तरच हिशेब आपल्या हातात आहे असं समजावं.