मालकाची खूण नाकाला ठाऊक!

निपाणीजवळच्या यमगर्णीचा ‘महाराज’ २०२४च्या वारीत मालकाच्या मागोमाग थेट पंढरपूरला चालत गेला. दर्शन घेऊन मालक बाहेर येतात, तो महाराज गायब! शोधशोध करून ते जड मनाने गावी परतले. आणि पाठोपाठ स्वारी शेपूट हलवत दारात हजर! अंतर सुमारे २५० किलोमीटर. गावाने हार घालून जेवणावळ उठवली. बंगळुरूच्या वर्तमानपत्रांनीही ही बातमी छापली.

वाट सापडणे निराळे, माणूस ओळखणे निराळे. आपण चेहरा पाहतो. कुत्रा वासावर अधिक विसंबतो. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी १२ कुत्र्यांना वेगवेगळे वास देऊन त्यांचे मेंदू तपासले. सुखाच्या अपेक्षेशी निगडित भाग सर्वांत जास्त जागा झाला, तो घरच्या माणसाच्या वासाने. ते माणूस तर तिथे नव्हतेही! २००७ साली जपानमधील प्रयोगात मालकाचा आवाज ऐकवून परका चेहरा दाखवला, तेव्हा कुत्री तो जास्त वेळ निरखत राहिली. म्हणजे आवाजावरून त्यांना मालकाचाच चेहरा अपेक्षित होता.

कुत्र्याला कुणाकडे ठेवून गावाला जायचे असेल, तर आपली वापरलेली चादर सोबत द्या. फक्त ती धुऊन मात्र देऊ नका!