माफी कुणाकडे मागायची?

उपवासकाळात आमच्या वसईच्या एक सहकारी शिक्षिका चर्चमध्ये पापनिवेदन करून आल्या. मी सहज विचारलं, "बाई, धर्मगुरूंना सांगितलं की झालं?"

त्या हसल्या. "नाही हो सर. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय हवा. आणि कुणाचं घेतलं असेल, तर परत करावं लागतं."

मग त्यांनी शुभवर्तमानातल्या जक्कयाची गोष्ट सांगितली. तो जकातदार. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं त्यानं कबूल केलं.

मी गप्प झालो. आपल्याकडेही तौबाच्या अटी याच. हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचा हक्क, माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो.

गेल्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलावर मी भर वर्गात पेन चोरल्याचा आळ घेतला होता. पेन माझ्याच पिशवीत सापडलं. इशाच्या नमाजनंतर अल्लाहकडे माफी मागून मी मोकळा झालो. मुलाला मात्र काहीच बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, सगळ्यांसमोर म्हणालो, "बेटा, चूक माझी होती. मला माफ कर."

त्यानं नुसती मान हलवली. माफ करायचं की नाही, हा हक्क आता त्याचा आहे.