मांजराची धाप

भाताच्या कणगीची राखण मांजर करते, पण ते आजारी पडले तर त्याला दवाखान्यात कोण नेतो? अंबरनाथ-बदलापूरकडच्या खेड्यांत मी जातो तो लावणी, खते, तुडतुडे यांवर बोलायला. पण ओटीवर चहा घेताना घरातल्या मुक्या जिवांची चौकशीही होतेच.

गेल्या पावसाळ्यात बारवी धरणाच्या बाजूला एका घरी बोका मागचे दोन्ही पाय ओढत कळवळून ओरडत होता. “साहेब, पान लागलं त्याला,” आजी म्हणाल्या. मी पंजे चाचपून पाहिले. पुढचे उबदार, मागचे गार, तळव्याच्या गाद्या पांढुरक्या निळसर. हे सापाचे काम दिसत नव्हते. हृदयाची भिंत जाड झाली की आत रक्त साकळते आणि गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर अडकते. मुलाने बोक्याला टोपलीत घालून उल्हासनगरला डॉक्टरांकडे नेले, पण रात्रीच तो गेला. मग सून म्हणाली, “पंधरा दिवस माळ्यावरून उतरला की तोंड उघडून धापा टाकायचा. आम्हाला वाटलं, उकाडा.”

कुत्र्याला हृदयविकार झाला तर पुष्कळदा खोकला येतो. मांजर सहसा खोकत नाही. ते कोपरा धरते, खेळणे सोडते, एवढेच. परदेशातल्या तपासण्यांत शंभरात सुमारे १५ मांजरांना हा भिंत जाड होण्याचा विकार आढळला आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना वरून काहीच दिसत नाही. म्हणून मांजर गाढ झोपले की घड्याळ घेऊन बसावे. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक. पुन्हा पुन्हा तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टर गाठावा. तोंड उघडून धाप लागली किंवा मागचे पाय गेले, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला.

डॉक्टर छातीतले पाणी काढतात, लघवी वाढवणारे औषध देतात, रक्त साकळू नये म्हणून गोळी देतात. जाड झालेली भिंत बहुधा पूर्ववत होत नाही, पण पुष्कळ मांजरे औषधावर दिवस सुखाने काढतात. घरची पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. मांजराला ती विष आहे. धरून काढा पाजणेही नको, त्या झटापटीतच जीव जातो.

दूधभाताबद्दलही सांगतो, कुणाला राग आला तरी. टॉरीन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतून मिळते. ते कमी पडले की हृदय फुगून दुबळे होते, हे अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झाले. हा प्रकार वेळीच कळला तर टॉरीन दिल्यावर हृदय सुधारतेही. उंदीर मारणाऱ्या मांजराची सोय परस्पर होते. घरात कोंडलेल्याला मात्र ताजी, बिनमिठाची मासळी उकडून, काटे काढून, तिच्या पाण्यासकट घालावी.

मोठ्या तपासणीसाठी परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नेताना टोपलीवर विरळ ओढणी बांधा, अंधारात मांजर शांत राहते. आणि श्वास मोजून ठेवलेला कागद आठवणीने बरोबर घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.