पैसे कोण देणार?

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही अमेरिकेत उतरलो ते ९ ऑक्टोबर २०१८ रोजी. मी सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दहा वर्षांचा व्हिसा २०१४ मध्येच मिळाला होता. त्या वर्षी पाच महिने राहून मुदतीच्या आत परतही आलो होतो. त्यामुळे या खेपेला काळजी होती ती फक्त बॅगेतल्या डिंकाच्या लाडवांची, हळिवाची आणि बाळंतशेपेची.

रांगेत तासभर उभे राहिल्यावर खिडकीशी नंबर लागला. बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. ‘कशासाठी आलात?’ मी इंग्रजी जुळवून सांगितलं, मुलीचं बाळंतपण आहे, बाळाला सांभाळायला आले आहे. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं मान वर केली.

‘किती दिवस सांभाळणार?’

‘सहा महिने.’

‘त्याचे पैसे कोण देणार?’

शब्द सगळे कळले, प्रश्न कळला नाही. आजीला नातवंड सांभाळण्याचे पैसे? ‘कोणी नाही’ असं मी म्हणेपर्यंत त्यानं दोघांचे पासपोर्ट एका फाइलमध्ये घातले होते आणि दुसऱ्या माणसाला हात केला होता.

पर्यटकाच्या व्हिसावर तिथं काम करता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. लेकीच्या घरी राहून तिचं मूल सांभाळणं हेसुद्धा एखादा अधिकारी ‘काम’ धरू शकतो, हे माहीत नव्हतं. व्हिसा हाती असला तरी तो दारापर्यंतच नेतो. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे दारातला माणूस ठरवतो.

आतल्या खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या. पंधरा-वीस माणसं बसलेली, एकही गोरा चेहरा नाही. आमचे फोन काढून घेतले, कुलूपशब्द विचारून घेतले. हातातल्या पिशव्या भिंतीशी ठेवायला लावल्या. जावई आणि लेक बाहेर उभे असतील, त्यांना निरोप द्या, असं मी म्हटलं. उत्तर आलं नाही.

आमच्या पुढं एक वयस्कर सरदारजी होते. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. टेबलामागचा अधिकारी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, दर वेळी आवाज चढवून. माणूस बहिरा नव्हता. त्याला फक्त ती भाषा येत नव्हती. मला हिंदी येतं म्हणून मी उठून उभी राहिले आणि ‘मी सांगते त्यांना’ असं म्हणाले. ‘खाली बसा!’ माझ्याकडे बोट रोखून तो इतक्या जोरात ओरडला की एक मूल रडायला लागलं. माझ्याशी त्या सुरात आयुष्यात कोणी बोललं नव्हतं, आणि मी खाली बसले. त्या क्षणी मी बसले याची लाज मला आजही वाटते.

यांना मधुमेह आहे. इन्सुलिन विमानात घेतलेलं, खाण्याची वेळ टळून गेलेली. दीड-दोन तासांनी यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. बिस्किटं भिंतीजवळच्या पिशवीत होती, दहा पावलांवर. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘थांबा’ एवढंच. शेवटी शेजारच्या बाईनं आपल्या मुलाच्या रसाचा डबा यांच्या हातात दिला. ती स्पॅनिश बोलत होती, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. यांचा हात पाहून तिला मात्र सगळं कळलं होतं.

आमची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यापुढं माझा फोन होता. जावयानं इंग्रजीत पाठवलेला एक निरोप त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. ‘आई, तुम्ही आल्यावर पाळणाघराचा खर्च वाचेल.’ प्रेमानं लिहिलेलं ते वाक्य टेबलावर पुरावा म्हणून ठेवलं गेलं. तुम्ही खोटं बोलून आलात, तो म्हणाला. आज रात्रीच्या विमानानं स्वतःहून परत जाता, की मी हद्दपारीचा आदेश काढू? आदेश निघाला तर पाच वर्षं इथं पाऊल ठेवता येणार नाही. कागद पुढं सरकवून ‘सही करा’ म्हणाला. वकील मिळेल का, असं मी विचारलं. इथं तसा हक्क नाही, तो म्हणाला. तो खरंच सांगत होता. १९९६ च्या कायद्यानं असा आदेश न्यायाधीशाशिवाय काढण्याचा अधिकार त्या टेबलाला दिलेला आहे.

मी सही केली नाही. खोटं बोलले नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. साडेतीन तासांनी एक वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी लेकीला फोन केला, परतीची तिकिटं आणि २०१४ चे शिक्के पाहिले, आणि आम्हाला सोडलं. पण सहाऐवजी एकाच महिन्यासाठी. शिक्क्यावर हातानं तारीख लिहिली, ८ नोव्हेंबर. कारण कुठंही लिहिलं नाही.

बाहेर लेक नवव्या महिन्यातलं पोट घेऊन चार तास उभी होती. आत आहेत की नाहीत, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

यावर पुष्कळांनी आमची समजूत घातली. शाहरुख खानलाही २००९ मध्ये न्यूअर्कला थांबवलं होतं, तुमचं काय एवढं! पण त्याच्यासाठी भारतीय वकिलातीनं धावपळ केली. त्या सरदारजींसाठी कोण करणार? मला आठवतो तो रॉबर्ट जेकान्स्की. हा पोलिश माणूस ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडात आईकडे राहायला आला होता. व्हँकूव्हरच्या विमानतळावर तो सुमारे दहा तास अडकून राहिला. त्याला पोलिशखेरीज भाषा येत नव्हती, आणि त्याच्याशी पोलिश बोलणारं कोणी आणलं गेलं नाही. आई बाहेर ताटकळून, तो इथं नाही असं ऐकून घरी परतली. शेवटी बिथरलेल्या त्या माणसावर पोलिसांनी विजेच्या धक्क्याचं हत्यार पाच वेळा चालवलं आणि तो तिथंच मेला. चौकशी झाली, आईची माफी मागितली गेली. एक दुभाषा वेळेवर आला असता तर तो जगला असता, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक देशाला आपलं दार राखायचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. प्रश्न विचारा, कागद तपासा, नाही पटलं तर परत पाठवा. पण समोरच्याला कळेल त्या भाषेत विचारा. औषध आणि अन्न रोखू नका. दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला एक निरोप द्या. निर्णयाचं कारण लिहून द्या. यातल्या कशानंही कुठल्या देशाची सुरक्षा कमी होत नाही.

आणि बाळंतपणाला निघालेल्या आयांनो, औषधं आणि खाऊ अंगावरच्या खिशात ठेवा. दुभाषा मागा, मागायला लाजू नका. न वाचता कशावरही सही करू नका.

नात २७ ऑक्टोबरला झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, बाराव्या दिवशी, तिचं बारसं केलं. पाडव्याला सकाळी आम्ही परतीच्या विमानात बसलो.