उंची कशात मोजावी?

वाचकहो, आपल्या घरात उंची मोजायची मापे किती, याची कधी गणती केली आहे का? आमच्या पेणकडच्या घरात एकाच दिवशी चार-पाच कानावर पडतात. खाचरात पाणी घोट्याइतके, रोपे वीतभर, गणपती दीड फूट आणि नातू ९२ सेंटीमीटर! शिकलेली पोरे म्हणतात, हा गोंधळ सोडा, सगळीकडे मीटर लावा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला, हे खरे. पण माझे म्हणणे असे की, प्रत्येक माप आपल्या जागी शहाणे असते. जागा चुकली की नुकसान ठरलेले.

पहिले आपले गणपती घ्या. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्तीचा भाव फुटा-इंचावर ठरतो. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, सरकारने मूर्तींवर मर्यादा घातली, तीही फुटांतच: मंडळांना ४ फूट, घरच्या गणपतीला २ फूट. इथे फूट-इंचच बरा, कारण गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांच्या डोळ्यांसमोर तो उभा राहतो. मात्र मूर्ती सांगताना मखराची आतली उंची इंचात मोजून न्या आणि माप पाटासकट की पाटाशिवाय, हेही विचारून घ्या.

लहान मुलाला मात्र इंच चालायचा नाही. एका इंचात अडीच सेंटीमीटर मावतात आणि तीन-चार वर्षांचे मूल वर्षाला साधारण सहा-सात सेंटीमीटरच वाढते. म्हणजे इंचाच्या हिशेबात चार-पाच महिन्यांची वाढ सहज हरवते. मूल खुंटत चालले आहे हे वेळीच कळायला हवे असेल, तर अंगणवाडीच्या तक्त्यावरचा सेंटीमीटर बघा. दोन वर्षांच्या आतले मूल निजवून मोजतात, त्यापुढचे उभे करून.

भरतीला जाणाऱ्या मुलांनी तर हे गाठीला बांधावे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते. ५ फूट ५ इंच म्हणजे १६५.१. आता ५ फूट ५ इंच हे कुणी ५.५ असे लिहितो आणि दुसरा ते साडेपाच फूट वाचतो. साडेपाच फूट म्हणजे ५ फूट ६ इंच! मुलाने वर्षभर धावून घाम गाळायचा आणि मैदानावर अर्ध्या इंचाने परत फिरायचे, असे होऊ नये. आधीच भिंतीला टेकवून, अनवाणी, सेंटीमीटरमध्ये मोजा.

आता पावसाळ्याची गोष्ट. पुराची बातमी मीटरमध्ये येते. नागोठण्याला अंबा नदीची इशारा पातळी ८ मीटर, धोका पातळी ९. रोह्याजवळ डोलवहाळला कुंडलिकेची इशारा पातळी २३ मीटर, धोका २३.९५. म्हणजे कुंडलिका अंबेपेक्षा १५ मीटर खोल, असा अर्थ नव्हे. शून्य कुठे धरला आहे, त्यावर आकडा ठरतो. आपण पाहायचे ते मधले अंतर. डोलवहाळला इशारा आणि धोका यांत फक्त ९५ सेंटीमीटर आहेत, जेमतेम सव्वातीन फूटही नाहीत. १९८९ च्या जुलैत अंबेच्या पुराने जांभूळपाडा-नागोठण्याकडे काय केले, ते जुन्या माणसांना विचारा.

पण मीटर ऐकून गुरे सोडायची वेळ कळत नाही. म्हणून एक करा. बातमीत आकडा येईल तेव्हा आपल्याकडे पाणी कुठवर आले, ते गोठ्याच्या भिंतीवर रंगाने खुणावून शेजारी तो आकडा लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत सरकारचा मीटर आणि तुमची भिंत यांची ओळख होईल.

शेवटी आमच्या खारेपाटातला बांध. उधाणाचे पाणी बांधाची सरासरी उंची बघत नाही, सगळ्यात खाली असलेली जागा शोधते. चार बोटे कमी पडलेल्या जागी खांड जाते आणि खारे पाणी शेतभर पसरते. एकटा माणूस आपला बांध आपल्या हाताने मोजतो तोवर हात-बोटे पुरतात. दहा जण कामाला लागले की दहा हातांची लांबी दहा तऱ्हेची. मग नळीत पाणी भरून पातळी जुळवा आणि माप मीटरपट्टीनेच घ्या.

तेव्हा मंडळी, माप निवडताना तीन प्रश्न विचारा. केवढ्या फरकाने बिघडणार आहे? मोजायचे कुठून? आणि ते माप ऐकणाऱ्याला कळेल ना? ही तीन उत्तरे मिळाली, की माप आपोआप हाताशी येते.