पाव शिष्यवृत्ती

मैत्रिणींनो, एक हिशेब घालून पाहा. पंगतीला पानं २७ आणि डब्यात पुरणपोळ्या मोजून ११.७. कुणाच्याही पानात पाव पोळीपेक्षा कमी पडता कामा नये, आणि ज्याच्यावाचून कार्य अडेल त्याला अर्धी-पाऊण वाढायला हवी. जमेल?

अमेरिकेतल्या कॉलेजांचे बेसबॉल कोच कित्येक वर्षं नेमकं हेच करत होते. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजाला बेसबॉलसाठी पूर्ण शिष्यवृत्त्या ११.७, आणि त्या फार तर २७ मुलांत वाटायच्या, पावाहून कमी कुणाला नाही. मूळ आकडा १३ होता म्हणे. पुढे काटकसरीत दहा टक्के कापले आणि हा अपूर्णांक उरला. त्याच कॉलेजांच्या फुटबॉलला मात्र ८५ शिष्यवृत्त्या! घरात एकाला साय आणि दुसऱ्याला ताक, तसंच की हे. मुलींच्या सॉफ्टबॉलला १२ होत्या, म्हणजे मुलांपेक्षा तीन दशांश जास्त. हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, हिला हे कुठून कळलं? माझी ताई ओमाहाला असते. नेब्रास्का राज्यातलं हे शहर. २०२४ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे महिनाभर होते. जूनमध्ये ओमाहाला जाणं म्हणजे आषाढीला पंढरपूरला जाणं. तुमची इच्छा असो वा नसो, वारीत तुम्ही सापडताच. १९५० पासून कॉलेजांच्या बेसबॉलचा शेवटचा सोहळा दर वर्षी याच गावी होतो. देशभरातून गाळून गाळून आठ संघ येतात, आणि मुलं वर्षभर 'ओमाहाला जायचं' एवढाच जप करतात. पहिला सोहळा १९४७ साली मिशिगनमध्ये झाला, तेव्हा येल विद्यापीठाचा संघ अंतिम सामन्यात हरला. त्या संघात पहिल्या बेसवर उभा असायचा तो जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थोरला बुश.

ताईला जुनं रोझेनब्लाट स्टेडियम अजून आठवतं. आसपासचे लोक आपल्या अंगणात गाड्या लावू देऊन चार पैसे करत. २०१० नंतर खेळ गावातल्या नव्या स्टेडियमवर गेला आणि जुनं पाडलं. शेजारच्या प्राणिसंग्रहालयाने होम प्लेटची जागा तेवढी जपून ठेवली आहे. ताई मला तिथे मुद्दाम घेऊन गेली. एका मोकळ्या जागेत एवढीशी पांढरी पाटी, आणि तिच्याभोवती पोरं फोटो काढताहेत. वाडा पाडला तरी तुळशीवृंदावन राखावं, तसं वाटलं मला.

नव्या स्टेडियमवर मी एकच सामना पाहिला, १४ जूनचा. टेनेसी विरुद्ध फ्लोरिडा स्टेट. खेळ मला निम्मा कळला, कारण आमच्या शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात. चेंडू टाकणारा तो पिचर, बाकीचं आपल्या क्रिकेटची चुलत भावंडं. बॅट मात्र लाकडाची नाही, धातूची. लाकडी मोडतात आणि कॉलेजांना परवडत नाहीत, म्हणून १९७४ पासून ही सोय. फटका बसला की 'टण्ण' असा भांड्यासारखा आवाज येतो. टेनेसीच्या ख्रिश्चन मूर या मुलाने त्या संध्याकाळी एक बेसचा, दोनाचा, तिनाचा आणि होमरन असे चारही तऱ्हेचे फटके मारले. या सोहळ्यात असं १९५६ नंतर कुणी केलं नव्हतं. शेवटच्या डावात तीन धावांनी मागे असलेल्या टेनेसीने चार धावा काढल्या आणि १२-११ ने सामना घेतला. माझ्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा केव्हा सांडला, कळलंच नाही. पुढे ते पोरगे पहिल्यांदाच विजेतेही झाले.

माझ्या शेजारी ताईची शेजारीण बसली होती. तिचा मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजात पिचर. त्याचा संघ काही ओमाहाला पोचला नव्हता. ती टाळ्या वाजवत होती, पण डोळे सारखे पिचरच्या हाताकडे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या मुलाला पाव शिष्यवृत्ती आहे. उरलेला पाऊण भाग आम्ही भरतो." कर्ज काढून, हे तिने नंतर ताईच्या स्वयंपाकघरात सांगितलं. पोह्यांची बशी हातात घेऊन ती बाई तासभर बोलत होती.

बारावीनंतर मुलाला थेट व्यावसायिक संघात जाण्याची संधी होती. पैसे हातात पडले असते. पण तिथला नियम असा, की एकदा चार वर्षांच्या कॉलेजात पाऊल टाकलं की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत व्यावसायिक संघ मुलाला निवडू शकत नाहीत. (तो मूर तिसऱ्या वर्षाचाच होता. महिन्याभरात लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाने त्याला आठव्या क्रमांकावर उचललं.) "म्हणून मी कॉलेजचाच हट्ट धरला," ती म्हणाली. "तीन वर्षं तरी तो वर्गात बसेल. हात गेला तरी डोकं राहील."

हात गेला तरी! केवढं सहज म्हणाली. पण तिची भीती खोटी नव्हे. पिचरच्या कोपराचा बंध तुटतो, मग दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या खेळाडूवर पहिल्यांदा झाली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते. आता कोवळ्या पोरांवरही होते. तिने मला २००९ चा एक सामना सांगितला. टेक्सासमध्ये ऑस्टिनला, बॉस्टन कॉलेजविरुद्ध. नऊ डावांचा खेळ पंचवीस डाव चालला, सात तासांहून जास्त. टेक्सासच्या ऑस्टिन वुडने एकट्याने त्यातले तेरा डाव टाकले, १६९ चेंडू. लोक त्याला पराक्रम म्हणतात. त्याचे कोच ऑगी गारिडो तर पाच वेळा विजेतेपद मिळवलेले नामांकित गृहस्थ. ती मात्र म्हणाली, "मी त्याची आई असते तर मैदानात उतरले असते."

कोचांविषयी तिचं मत एकूण कडूगोडच होतं. रॉड डेडो यांचं नाव मात्र आदराने घेतलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हे कोच वर्षाला एक डॉलर पगार घेत, कारण त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा होता. त्या एका डॉलरात त्यांनी अकरा विजेतेपदं मिळवून दिली. आता कोचांचे पगार लाखांत आहेत.

हे मी इतकं मन लावून का ऐकत होते, तेही सांगते. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता आणि चेंडू जोरात टाकायचा. अजूनही टाकतो. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्रिकेट अकादमीने त्याला बोलावलं. राहणं तिथेच, सराव दिवसभर आणि शाळा नावापुरती, परीक्षेपुरती. फी ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हे मात्र हरखले. "अगं, अशी संधी पुन्हा येते का?" मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली, तिसऱ्या वर्षाच्या नियमासकट. मग अकादमीला फोन लावून तीन प्रश्न विचारले. शाळेत रोज किती तास बसवाल? दिवसाला किती चेंडू टाकून घ्याल, आणि ते मोजणार कोण? मूल जायबंदी झालं तर पुढे काय? पलीकडच्या माणसाने पहिल्याच प्रश्नाला "मॅडम, इथे पोरं क्रिकेटर व्हायला येतात" असं उत्तर दिलं. बाकीच्या दोघांना उत्तर मिळालंच नाही. हे शेजारी उभे राहून ऐकत होते.

मुलगा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता दहावीत आहे. गावातल्याच मैदानावर संध्याकाळी दोन तास जातो आणि एका वहीत टाकलेल्या चेंडूंचा आकडा लिहितो. ती वही मी तपासते, हे त्याला मुळीच आवडत नाही.

२०२५ मध्ये तो ११.७ चा हिशेब मोडला. नव्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता संघातल्या सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते, पण संघ ३४ जणांचाच. पूर्वी ४० पर्यंत मुलं असत. म्हणजे पोळ्या वाढल्या आणि पानं उचलली. ताईच्या शेजारणीचा मुलगा त्या ३४ मध्ये राहिला. त्या जुलैत व्यावसायिक संघांच्या निवडीच्या वीसही फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही, तेव्हा चौथं वर्ष करायचं त्याने ठरवलं. ताईने फोनवर विचारलं, शिष्यवृत्ती वाढली का गं त्याची? शेजारीण म्हणाली, "पावाची अर्धी झाली."