मचूळ पाण्यातली बाग

शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग लेकीने घरी करून पाहिला. पाणवनस्पतीवर पालथं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, सगळं उन्हात. नळीत बुडबुडे चढू लागले तशी ती म्हणाली, "बाबा, मग आपल्या माशांना प्लास्टिकची झाडं कशाला?"

आमची टाकी दोन फुटांची, पाणी पन्नासेक लिटर, त्यात गप्पी. पालघरच्या दुकानात जिवंत झाडांची चौकशी केली, तर मऊ पाणी, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, खास माती अशी यादी मिळाली. आमचं माकुणसार खाडीच्या अंगाचं. विहिरीचं पाणी जड आणि उन्हाळ्यात जरा मचूळ. पाणी बदलण्यापेक्षा या पाण्यात रमणारी झाडं शोधायची, असं मी ठरवलं.

व्हॅलिसनेरिया त्यात चपखल बसली. लांब, फितीसारख्या पानांची ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्या-नद्यांतही वाढते. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही तिला कार्बन घेता येतो, म्हणून नळकांडी लागत नाही. गप्पींनाही असंच पाणी मानवतं. सोबत न रुजवता तरंगत ठेवायचं सेराटोफायलम आणि दगडाला दोऱ्याने बांधलेलं अनुबियास घेतलं. अनुबियासचं जाड खोड रेतीत पुरलं तर कुजतं.

टाकीत सोडण्याआधी झाडं पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात थोडा वेळ बुडवून स्वच्छ धुतली, म्हणजे नको ते किडे-जंतू आत येत नाहीत. व्हॅलिसनेरियाची मुळं रेतीत आणि पानं फुटतात तो गड्डा रेतीच्या वर ठेवला. पहिल्या दिवसांत जुनी पानं विरघळली, पण गड्डा टणक होता. पुढे तिथूनच नवी पानं आली आणि आडव्या फुटव्यांनी शेजारी पिल्लं धरली.

खरी जाण दाखवली ती आईने. तिचं आयुष्य वाडीत गेलेलं. काचेला नाक लावून ती म्हणाली, "जुनी पानं पिवळी पडतायत, नत्र कमी आहे. कोवळी पिवळी पडली असती तर लोह म्हटलं असतं." वाडीत जे चालतं तेच पाण्याखाली चालतं, हे तेव्हा कळलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि झाडं त्यातलं नत्र थेट उचलतात. मासे थोडे, झाडं जोमात, म्हणून ते पुरत नव्हतं. मुळांशी खताची छोटी गोळी खोचली आणि पानं हिरवी झाली.

दिवा आठ तासांवर ठेवला, कारण जास्त उजेडात शेवाळ फोफावतं. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून हवेचा पंप चालूच राहतो. सेराटोफायलमच्या दाटीत गप्पीची पिल्लं लपतात. पूर्वी मोठे मासे त्यांना लगेच गिळायचे.

आता छाटणी वाढली आहे. ती कधीही तळ्यात किंवा खाडीत टाकू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या-तलावांचं काय केलं ते समोर आहे. आमची छाटणी उन्हात वाळून वाडीच्या खतात जाते. आणि कुणी झाडं मागितली तर मी आधी विचारतो: तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे?